डावखुरा न्हावी

१

अकरा चौकटी भिंतीला टेकून उभ्या होत्या. खैरुद्दीनशेटनी काठीच्या टोकाने त्या दोनदा मोजल्या, आणि तिसऱ्यांदा मोजायच्या आधी काठी खाली ठेवली.

"बारावी कुठाय?"

शेटचं ऑफिस दुबईत, डेरा भागात होतं. खाली खाडीवर गलबतांत टायर आणि फ्रीज चढत होते, त्यांचा गलका तेवढा वर येत होता. चौकटी घेऊन आलेला यूनुस मुकादम दाराशीच उभा राहिला. शारजातल्या रोला भागात त्याचं फ्रेमिंगचं दुकान होतं. मूळचा गुहागरकडचा, चाळिशीतला, हाताला कायम सरसाचा वास.

"शेट, डबीत चित्रं अकराच होती," तो म्हणाला.

"अकरा?" शेटनी टेबलावरचा कागद उचलला. "ही तुझी सही. 'चित्रं बारा, मिळाली.' कुणाची सही आहे ही?"

यूनुसने मान डोलावली. त्याने विभावरीकडे पाहिलं.

विभावरी टिपणीस शेटच्या संग्रहाचं काम बघायची. मुंबईत तिने अकरा वर्षं जुन्या कागदांची दुरुस्ती केली होती. नवरा राजन दुबईला नोकरीला लागला तशी तीही इथे आली. ही चिनी चित्रं म्हणजे तिच्या हाती लागलेलं पहिलं मोठं काम. दीडशे वर्षांपूर्वी कँटनचे चितारी परदेशी खलाशांसाठी अशी चित्रं काढून विकत. पतंगवाला, कापूस पिंजणारा, फुटकी भांडी सांधणारा, कंदील करणारा, एकेका चित्रात एकेक कारागीर. कागदही साधा नव्हता. आपल्याकडे बाशिंगाला वापरतात त्या भेंडासारखा, झाडाच्या गाभ्याचा पातळ काप. खैरुद्दीनशेटचे खापरपणजोबा जहाजावर तांडेल होते. त्यांनी ती डबी दाभोळला आणली, आणि घरात तिला नाव पडलं 'चिनी बारा बलुतेदार'.

गेलं होतं ते नेमकं डावखुऱ्या न्हाव्याचं चित्र. संचात दोन न्हावी होते. एकाच्या उजव्या हातात वस्तरा, दुसऱ्याच्या डाव्या. बाकी बसणं, गिऱ्हाईक, तिवई, सगळं आरशात पाहावं तसं. कारखान्यातला एकच कच्चा आराखडा उलटा धरून चिताऱ्याने दुसरा न्हावी काढला असणार, असं विभावरीने शोधून काढलं होतं. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर तेच दोन न्हावी होते. पंधरा दिवसांनी दुबईच्या ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये प्रदर्शन लागायचं होतं.

"मॅडम, तुम्हीच सांगा ना," यूनुस म्हणाला.

विभावरीने कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा पाहिला.

"मी बाराच दिली होती," ती म्हणाली.

शेटनी फोन जवळ ओढला.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी विभावरीच्या करामा भागातल्या फ्लॅटची बेल वाजली. दारात काळा बुरखा घातलेली एक बाई उभी होती. डोळे सुजलेले.

"मी फिरदोस. यूनुसची बायको."

विभावरीने तिला आत घेतलं, पाणी दिलं. फिरदोसने ग्लास हातातच धरला.

"रात्रभर ठाण्यात ठेवलंय. पासपोर्ट शेटकडे, ते स्पॉन्सर. चोरीचा शिक्का बसला तर आधी जेल, मग डिपोर्ट. सोळा वर्षं झाली इथे, मॅडम. मुलं इथेच शिकतायत." तिने मान वर केली. "ते म्हणतात, मॅडमनी मोजलंय म्हणजे मोजलं, असं समजून मी सही केली. डबी दुकानात जाऊन उघडली."

"मग अकरा दिसल्यावर बोलले का नाहीत?"

"बोलले! शेटच्या ऑफिसात फोन केला होता. विजयकुमार साहेबांना. काल त्यांच्यासमोर त्यांचंच नाव कसं घेणार?"

ही नवी गोष्ट होती. मॅनेजर विजयकुमार काल त्याच खोलीत उभा होता आणि एक अक्षर बोलला नव्हता.

फिरदोस गेल्यावर विभावरी तशीच बसून राहिली. तिची दहा वर्षांची मुलगी ईशानी शाळेतून आली, दप्तर टाकून म्हणाली, "Mumma, who was that aunty? She was crying in the lift."

विभावरीने सगळं पहिल्यापासून आठवून पाहिलं. ती चित्रं पापडासारखी मोडतात. डबी जितक्यांदा उघडाल तितक्यांदा रंगाच्या खपल्या निघतात. म्हणून तिने ती एकदाच उघडली, फोटोग्राफर जहूरला बोलावलं त्या दिवशी. ती चिमट्याने एकेक चित्र पुढे ठेवत होती आणि जहूर फोटो घेत होता. नंतर डबी कपाटात बंद झाली. तीन महिने ती स्लाइडवरूनच कॅटलॉग लिहीत होती. जहूरने बावीस स्लाइड दिल्या होत्या, एक उजळ, एक जरा अंधारी, अशा जोड्या. तिने त्यांतल्या बारा निवडल्या. यूनुसला डबी दिली तेव्हा झाकण उघडलं नाही, कॅटलॉगमधला आकडा कागदावर लिहिला.

म्हणजे तीन महिने कपाटात होती तेव्हा कुणीतरी हात घातला. कपाटाची किल्ली सुरैय्याकडे असायची.

३

सुरैय्या शेटची सेक्रेटरी, महाडची. एरवी गप्पांना बसली की उठायची नाही. किल्लीचं नाव काढल्यावर तिने फाइल उघडली आणि उगाच पानं उलटायला लागली.

"किल्ली ड्रॉवरमध्ये असते, मॅडम. माझ्याकडेच."

"फेब्रुवारीत तू दोन दिवस दुपारी जागेवर नव्हतीस. रजिस्टरात 'बँकेत' लिहिलंय. दोन्ही दिवस गुरुवार होते, इथे गुरुवारी दुपारी बँका बंद असतात."

सुरैय्याचा चेहरा उतरला. तिने दाराकडे पाहिलं, मग खुर्ची जवळ ओढली.

"अल्लाची शपथ, कुणाला सांगू नका. दुसरीकडे इंटरव्ह्यूला गेले होते. शेटना कळलं तर व्हिसा कॅन्सल करून सहा महिन्यांचा बॅन लावतील." ती रडायलाच लागली. "मी कशाला चित्र घेऊ? मला ती बघायलाही भीती वाटते. श्वास लागला तरी मोडतील असं वाटतं."

विभावरीने तिच्यावर विश्वास ठेवला. पण किल्ली दोन दुपारी ड्रॉवरमध्ये एकटी होती, हेही तिने लक्षात ठेवलं.

विजयकुमार जास्त अवघड निघाला. चौदा वर्षं शेटकडे असलेला, कपाळावर भस्माची रेघ, बोलणं मोजून मापून.

"यूनुसचा फोन? नो, नो. मुझे याद नहीं."

"त्यांच्या दुकानातल्या फोनचं बिल बघता येईल, विजयकुमारजी. पोलीसही बघतील."

त्याने चष्मा काढून पुसला.

"फोन आया था," तो शेवटी म्हणाला. "बोला, बारह लिखा है, ग्यारह हैं. मी म्हटलं, एक मॅडमकडे असेल. जितना है उतना करो. मला वाटलं, तुम्ही कामासाठी ठेवलं असेल."

"मग काल सांगितलं का नाहीत? तो माणूस लॉकअपमध्ये आहे!"

"शेट विचारते, मला का नाही कळवलं. माझ्यावर आलं असतं." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, आता बघा. यूनुसने उघडलं तेव्हा ग्यारह. तुम्ही दिलं तेव्हा बारह. चोरी करणारा माणूस स्वतः फोन करून सांगेल का? करणार नाही. मग बारह कुणी पाहिले? फक्त तुम्ही."

४

राजननेही संध्याकाळी तेच म्हटलं, जरा सौम्यपणे.

"विभा, त्या माणसाचा फोन सिद्ध झाला तर पुढचा प्रश्न तुलाच विचारणार. तू इथे माझ्या व्हिसावर आहेस. तू त्या ऑफिसात बसतेस ते काम कुठल्याच कागदावर नाही."

"मग काय करू? गप्प बसू?"

"मी गप्प बस म्हणत नाहीये. एक दिवस थांब. शेटच्या घरच्या कुणीतरी ती डबी पूर्वी पाहिली असेल. घरातलंच कुणी काढून घेतलं असेल, कुणी सांगावं."

तिला पटलं. खैरुद्दीनशेटच्या घरात ती डबी पाहिलेलं आता एकच माणूस उरलं होतं, त्यांची मोठी बहीण मैमुनाबी, सगळ्यांची बुबू. ती उम्म अल कुवैनला मुलाकडे राहायची.

दुसऱ्या दिवशी राजनने अर्धी रजा टाकली आणि गाडी काढली. शारजा मागे पडलं, मग अजमान, मग एका बाजूला खाजण आणि दुसऱ्या बाजूला नुसती वाळू.

मैमुनाबी सत्तरीची होती. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर अर्धवट झालेला नातीचा झगा. तिने दोघांना बसवलं, घावन आणि चहा पुढे केला, आणि मगच कॅटलॉग हातात घेतला. मुखपृष्ठ डोळ्यांजवळ नेलं.

"हे दोन कुठले?"

"दोन न्हावी, बुबू. तुमच्याच डबीतले."

"अगो, न्हावी एकच होता."

विभावरीने राजनकडे पाहिलं. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, म्हातारं माणूस, विसरणारच.

मैमुनाबीने बोट कागदावरून फिरवलं, आणि मध्येच थांबवलं. मग पानं उलटली. पतंगवाला पाहिला, कापूस पिंजणारा पाहिला, पुन्हा मुखपृष्ठावर आली.

"आणि याचा सदरा कुणी शिवला?" ती म्हणाली. "सगळ्यांच्या गुंड्या उजव्या काखेखाली. एकाचीही चुकलेली नाही. ह्याच्याच डाव्या."

"तो डावखुरा आहे, बुबू."

"असेल बाय. डावखुऱ्याला शिंपी उलटा सदरा देत असेल, मान्य. पण ते गिऱ्हाईक बसलंय, डोकं भादरून घ्यायला, त्याच्याही गुंड्या डाव्याच. तो पण डावखुरा काय?"

विभावरीने कप खाली ठेवला आणि कॅटलॉग स्वतःकडे ओढला.

५

"बुबू," तिने विचारलं, "डबीत किती चित्रं होती?"

मैमुनाबी मशीनकडे वळली. झग्यातली सुई काढली, उशीला टोचली.

"बारा होती. मी आठ वर्षांची होईपर्यंत बारा." तिचा आवाज खाली गेला. "बाबा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. मी पेटारा उघडला. बदकं हाकणारा एक माणूस होता, होडीतून शंभर बदकं सोडतोय. मला तो फार आवडायचा. हातात घेतला आणि कडकन मोडला. तुकडे जोडून बघितले, आणखी मोडले. मग चुलीत घातले."

"कुणाला कळलं नाही?"

"बाबा डबी उघडतच नसत. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्याकडे बारा बलुतेदार आहेत. खैरू तेच ऐकत मोठा झाला. मी दरवेळी खाली बघायची." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या फ्रेमवाल्याला धरलंय ना? कालच कळलं मला. रात्रभर डोळा नाही लागला."

परतीच्या वाटेवर राजन दोनदा काहीतरी बोलला. विभावरीने ऐकलं नाही. तिला एकच गोष्ट दिसत होती, आणि ती दिसू नये असं वाटत होतं. घरी पोचताच तिने स्लाइडचा खोका काढला आणि बाल्कनीच्या दारापाशी, उजेडात बसली.

दहा चित्रांच्या दोन-दोन स्लाइड. एक उजळ, एक अंधारी. दोन न्हाव्यांची मात्र एकेकच. उजव्या न्हाव्याची उजळ, डावखुऱ्याची अंधारी. तेव्हा तिला वाटलं होतं, जहूरचा रोल संपला असेल. विचारायचं राहून गेलं. तिने सतवा भागातल्या त्याच्या स्टुडिओत फोन लावला. फोन उचलायला उशीर झाला तेवढ्या वेळात तिने जहूरचं नाव कागदावर तीन वेळा गिरवलं.

"मॅडम, हर तस्वीर के दो शॉट," जहूर म्हणाला. "एक ठीक रोशनी में, एक थोडा कम. एक भी तस्वीर छोडी नहीं. बाईस स्लाइड दी थी, गिन के."

बावीस. दोनाने भागलं तर अकरा.

तिने डावखुऱ्या न्हाव्याची स्लाइड बोटांत धरली, उलटी फिरवली आणि दुसऱ्या न्हाव्याच्या स्लाइडवर ठेवली. मग दोन्ही दाराच्या काचेला लावून पाहिलं.

वस्तरा वस्तऱ्यावर बसला. तिवई तिवईवर. आणि गिऱ्हाईकाच्या गुडघ्याजवळ कसरीने खाल्लेलं टाचणीएवढं भोक होतं, ते भोकही भोकावर बसलं. चितारी चित्राची नक्कल करेल. कसरीच्या भोकाची नक्कल कोण करेल?

लॅबवाल्याने एक स्लाइड पुठ्ठ्यात उलटी बसवली होती, एवढंच. अंधारी असल्यामुळे न्हाव्याचा निळा सदरा काळपट दिसला, म्हणून तो वेगळा माणूस वाटला. घरच्यांनी बारा म्हटलेलंच होतं, आणि तिने बारावा शोधून दिला. त्याच्यावर दोन पानांचं टिपण लिहिलं, मुखपृष्ठावर छापला, आणि ज्याने काहीच केलं नव्हतं अशा माणसाला त्याच्यापायी लॉकअपमध्ये पाठवलं.

डावखुरा न्हावी कुणी चोरला नव्हता. तो जगात कुठेच नव्हता.

६

खैरुद्दीनशेटनी दोन्ही स्लाइड खिडकीशी धरून स्वतः पाहिल्या. भिंतीला टेकलेल्या न्हाव्याजवळ खाली वाकून ते भोकही पाहिलं. मैमुनाबीची गोष्ट ऐकली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"बुबूने मला साठ वर्षं नाही सांगितलं," ते म्हणाले. मग सावरून बसले. "ठीक आहे. आजच तक्रार मागे घेतो. यूनुस सुटेल. खलास. पण हे सगळं इथेच राहील."

"म्हणजे?"

"पाचशे कॅटलॉग छापलेत. कौन्सुलेटला गेले, शेखसाहेबांच्या ऑफिसात गेले. दोन न्हाव्यांची गोष्ट मी स्वतः दहा जणांना सांगितलीय. आता काय सांगू, एक न्हावी फोटोवाल्याने बनवला? लोक हसतील. आपण म्हणू, चित्र हरवलं, शोध चालू आहे. तुमचंही नाव राहील, माझंही."

खरं तर त्या क्षणी विभावरीला हायसं वाटलं. राजनचा व्हिसा, मुंबईतले जुने सहकारी, ज्यांना तिने अभिमानाने कॅटलॉग पाठवला होता, सगळं वाचत होतं. यूनुस तर सुटणारच होता.

मग तिला फिरदोसचा सुजलेला चेहरा आठवला, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला लाज वाटली.

"शेट, चित्र हरवलं म्हटलं तर ते कुणी तरी घेतलं असंच लोक म्हणणार," ती म्हणाली. "यूनुसभाई चोरच राहतील, फक्त सुटलेले. त्यांना पुन्हा कोण काम देईल?"

"मी देईन."

"तुम्ही सोडून?"

शेटनी समोरचा कॅटलॉग उलटा करून ठेवला.

"मी चूक छापणार. माझ्या नावाने. प्रत्येक कॅटलॉगमध्ये एक चिठ्ठी. संचात अकरा चित्रं आहेत, बारावं माझी चूक होती, फ्रेम करणाऱ्याने अकराच मिळाल्याचं पहिल्याच दिवशी कळवलं होतं."

"मग या ऑफिसात तुमचं काम संपलं, मॅडम."

"हो. मला ठाऊक आहे."

कोपऱ्यात उभा असलेला विजयकुमार खाकरला. "शेट," तो म्हणाला, "फोन मला आला होता. ते पण लिहू द्या." आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागला.

शेटनी खुर्ची मागे सरकवली. मग ड्रॉवरमधून यूनुसचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

७

यूनुस अटकेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी सुटला. विभावरी चौथ्या दिवशी सकाळी रोल्याला त्याच्या घरी गेली. लिफ्ट बंद होती, चार मजले चढून ती दारात उभी राहिली तेव्हा तिला बोलायला दम उरला नव्हता.

यूनुस आतल्या खोलीत पलंगावर पाठ करून बसला होता. दाढी वाढलेली. त्याने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"यूनुसभाई, चूक माझी होती. सगळी माझी. मी लिहून छापलंय." तिने चिठ्ठी पुढे केली.

"मला कळलं, मॅडम," तो न वळता म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही नुसतं म्हणाला असता ना, की मला पक्कं आठवत नाही. एवढंच म्हणाला असता."

त्याचं खरं होतं. त्या दिवशी तिला काहीच पक्कं आठवत नव्हतं. तिने आकडा वाचला होता.

फिरदोसने चिठ्ठी घेतली, सावकाश वाचली, घडी केली.

"हे इंग्रजीत आहे," ती म्हणाली. "ऊद मेथातल्या साहेबलोकांसाठी. या बिल्डिंगमध्ये कुणी ते कॅटलॉग बघणार नाही. पोलीस झडतीला आले तेव्हा सगळी दारं उघडी होती, मॅडम. तीन दिवस एकही बाई माझ्याशी बोलली नाही. पोरगी खाली खेळायला गेली तर तिला आत घेतलं नाही."

"मी काय करू सांग."

"चला माझ्याबरोबर."

तिने बुरखा चढवला, चपला पायात सरकवल्या. दोघी बाहेर आल्या. त्या मजल्यावर आणखी सात घरं होती. पहिल्या दारासमोर फिरदोस बाजूला सरली आणि विभावरीकडे बघत उभी राहिली. बेल विभावरीने दाबली.

दार एका ठेंगण्या, गोऱ्या बाईने उघडलं. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. फिरदोसला पाहून तिने दार थोडं पुढे लोटलं.

"मी विभावरी टिपणीस. खैरुद्दीनशेटच्या ऑफिसात होते," विभावरी म्हणाली. "यूनुसभाईंवर चोरीचा आळ आला, तो माझ्यामुळे. मी चित्रं मोजली नाहीत आणि खोटा आकडा लिहिला. त्यांनी काही घेतलेलं नाही."

"मग चित्र घेतलं कुणी?"

"कुणीच नाही. ते चित्र नव्हतंच."

बाईने विभावरीकडे पाहिलं, मग बराच वेळ फिरदोसकडे. तिने दार पूर्ण उघडलं आणि पिठाचा हात बाजूला धरून म्हणाली, "आत ये ना गो, फिरदोस. चहा टाकते."

फिरदोस किंचित हसली. पण ती उंबऱ्याच्या आत गेली नाही.

"नंतर येईन," ती म्हणाली. "अजून सहा घरं राहिलीत."